लागणे : एका क्रियापदाचा वऱ्हाडी विस्तार
(प्रस्तावना)

इंग्रजी कोशकारांत ज्याचे नाव अग्रमानाने घेतले जाते त्या सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, परकीय माणसास इंग्रजी शिकताना सर्वांत अधिक अडथळा कोठे होतो याचा विचार करताना, विद्वज्जड शब्दांकडे बोट न दाखवता रोजच्या व्यवहारातील आखूड क्रियापदांकडे दाखवले, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. 'सेट', 'टेक', 'कम', 'फॉल' ही क्रियापदे आणि त्यांच्या पाठोपाठ येणारी 'ऑफ', 'इन', 'आउट' ही त्यांहूनही आखूड अव्यये यांचा संयोग झाला म्हणजे निष्पन्न होणारा अर्थ मूळ शब्दापासून इतका दूर जातो की कितीही कुशाग्र बुद्धीच्या माणसास त्या प्रवासाची पावले शोधून काढता येणार नाहीत, अशा आशयाचे विधान करून, म्हणूनच आपण ही रूपे विशेष दक्षतेने टिपली आहेत, असे त्याने सांगितले. या जोडक्रियापदांना 'फ्रेजल व्हर्ब' हे आज सर्वतोमुखी असलेले नाव मात्र बरेच उशिरा, लोगन पिअरसॉल स्मिथ याच्या १९२५ सालच्या ग्रंथातून रूढ झाले.

वाशीम जिल्ह्यातील माध्यमिक शाळेत जाणारा मुलगा या प्रकरणापाशी येतो तेव्हा त्याच्यापुढे एक यादी ठेवली जाते. 'टेक ऑफ' म्हणजे विमानाने भूमी सोडणे, 'टेक ऑफ' म्हणजे अंगातला कोट उतरवणे, 'टेक ऑफ' म्हणजे एखाद्याची नक्कल करणे, 'टेक ऑफ' म्हणजे कामावरून रजा घेणे. आणि या चार अर्थांत परस्परांशी काय संबंध आहे याचा उच्चारही न होता ती यादी पाठ करून घेतली जाते. मुलगा भिऊन जातो, आणि ही विदेशी भाषाच स्वभावाने लहरी आहे अशी त्याची समजूत होऊन बसते. वास्तविक तोच मुलगा घरी गेल्यावर आईला 'मले भूक लागली' म्हणतो, आजोबांना 'मृग कधी लागते?' विचारतो, वडिलांच्या तोंडून 'सोयाबीनले भाव नाही लागला' हे ऐकतो, आणि धाकट्या बहिणीला 'रडाले लागली पाहा' म्हणून चिडवतो. आणि या प्रत्येक ठिकाणी 'लागणे' या एकाच क्रियापदाचा निराळा अर्थ आहे ही जाणीवही त्याला होत नाही, कारण त्याच्या लेखी ते निराळे नाहीतच. जे कौशल्य त्याला परक्या भाषेत अशक्यप्राय वाटते ते त्याने वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षीच आपल्या भाषेत पूर्णपणे हस्तगत केलेले असते. हे त्याला कोणी सांगत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते, आणि पुढील पानांतील उद्योगाचे मूळ त्या हळहळीत आहे.

धातूचा अर्थ बाहेरच्या एखाद्या लहानशा अवयवाच्या योगाने फिरावा ही गोष्ट आपल्या परंपरेस नवी नाही. संस्कृतात 'हृ' या एका धातूपासून प्रहार, आहार, विहार, संहार आणि परिहार हे शब्द केवळ उपसर्गांच्या बदलाने निर्माण होतात हे शाळेत संस्कृत घेतलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. संस्कृतात तो अवयव धातूच्या आधी येतो, इंग्रजीत नंतर येतो, आणि मराठीत ते काम पुष्कळदा क्रियापदाशेजारचे नाम आणि त्या नामाची विभक्ती यांच्याकडे सोपवलेले असते. 'वाटेले लागला' म्हणजे मार्गस्थ झाला आणि 'वाट लागली' म्हणजे सर्वनाश झाला. दोन्हीकडे वाट तीच, लागणे तेच, आणि मध्ये काय आले तर एक 'ले'. 'हाती लागणे' म्हणजे अकल्पितपणे मिळणे, 'मागे लागणे' म्हणजे पिच्छा पुरवणे, 'नादी लागणे' म्हणजे भलत्या छंदात सापडणे, 'मार्गी लागणे' म्हणजे सुस्थिर होणे, 'धसास लागणे' म्हणजे शेवटास जाणे. इंग्रजीतील 'कम अक्रॉस' किंवा 'सेट आउट' या रूपांपुढे ही आमची रूपे ठेवली तर यंत्रणा एकच आहे आणि केवळ खिळ्यांची जागा बदलली आहे, हे तत्काळ दिसून येते. हिवाळा 'सेट इन' होतो असे इंग्रज म्हणतो. आमच्याकडे हिवाळा लागतो.

या क्रियापदाचा विचार वाशीमच्या भूमीवरून करावा यास प्रादेशिक अभिमानाखेरीज दुसरेही सबळ कारण आहे. आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आणि या शाखेतील द्वितीय विंध्यशक्ती याचा जो ताम्रपट १९३९ साली वाशीम येथे उजेडात आला त्याची भाषा पाहिली तर वंशवर्णनाचा भाग संस्कृतात आणि प्रत्यक्ष दानाचा व्यवहार मुख्यत्वे प्राकृतात असे तिचे रूप आहे. याच शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन याने 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचले होते. ते आज उपलब्ध नसले तरी साहित्यशास्त्रकारांनी त्याचा आदराने उल्लेख केला आहे. संस्कृत 'लग्' या धातूचा अर्थ धातुपाठात 'संग' असा दिला आहे. त्याचे भूतकाळवाचक कृदंत 'लग्न', त्याचे प्राकृत रूप 'लग्ग', आणि त्यातील जोडाक्षर सुटून मागचा स्वर दीर्घ झाला म्हणजे आपले 'लाग'. ज्या काळात यांतले 'लग्ग' हे रूप लोकांच्या जिभेवर होते त्या काळात या नगरीच्या दप्तरात प्राकृताला मानाचे स्थान होते.

राजशेखराने 'काव्यमीमांसा' या ग्रंथात एक सुंदर कथा सांगितली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष देशोदेशी हिंडत असता त्याला वश करण्यासाठी पार्वतीने निर्माण केलेली साहित्यविद्यावधू त्याच्या मागोमाग गेली, आणि अखेरीस विदर्भातील वत्सगुल्म नगरात त्या दोघांचा गांधर्व विवाह झाला. काव्याचे आणि साहित्यविद्येचे लग्न जेथे लागले ते गाव म्हणजे आपले वाशीम. 'लग्न लागले' या दोन शब्दांत एकच धातू दोनदा आला आहे, एकदा संस्कृताच्या मूळ वेषात आणि एकदा प्राकृतातून उतरलेल्या मराठी वेषात. आणि मराठी माणूस हे दोन शब्द शेजारी शेजारी उच्चारतो तेव्हा दीड-दोन हजार वर्षांचे अंतर त्याच्या एका श्वासात मिटून जाते.

संस्कृत आणि मराठी यांच्या मधली कडीही याच जिल्ह्यात सुरक्षित राहिली, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे. कारंजा येथील भट्टारकांच्या पीठांनी शतकानुशतके जतन केलेल्या हस्तलिखितांच्या भांडारांतून अपभ्रंश भाषेचे ग्रंथ विसाव्या शतकात प्रकाशात आले. पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी १९३१ साली आणि त्याच कवीचे 'णायकुमारचरिउ' हिरालाल जैन यांनी १९३३ साली संपादून कारंजा येथून प्रसिद्ध केले. अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करीत असता हिरालाल जैन यांनी या पोथ्यांसाठी जे परिश्रम घेतले त्यांचे ऋण मराठीच्या अभ्यासकांनी पुरेसे मान्य केलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पुष्पदंताच्या काळच्या जैन वाङ्मयात, प्राकृतात आणि पुढे संस्कृतातही, तुमन्त रूपाच्या शेजारी 'लग्ग' किंवा 'लग्न' येऊन 'करण्यास आरंभ केला' असा अर्थ होतो. आजची 'रडाले लागली' ही रचना वऱ्हाडी बोलीचा गावंढळपणा आहे असे जे समजतात त्यांनी तिची ही वंशावळ अवश्य पाहावी.

आता मूळ अर्थाकडे येऊ. लागणे म्हणजे स्पर्श होणे, आणि तोही बहुधा न मागता झालेला. पायाला ठेस लागते ती कोणी मुद्दाम लावून घेत नाही. शेताचा विषय निघाला म्हणजे हा अर्थ आपल्या अगदी प्राथमिक रूपात दिसतो. इकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि 'आमचं वावर त्याच्या वावराले लागून आहे' या वाक्यात दोन धुऱ्यांच्या सान्निध्यापलीकडे काहीही अभिप्रेत नसते. खरेदीखतात चतुःसीमा लिहिताना पूर्वेस आणि पश्चिमेस 'लागून' कोणाची जमीन आहे याची जी नोंद होते तीही त्याच अर्थाची. 'लगत', 'लगोलग', 'लगेच' हे शब्द त्याच धातूचे. पहिला स्थळाचे सान्निध्य दाखवतो, उरलेले दोन काळाचे. स्थळाकडून काळाकडे अर्थाने केलेला हा प्रवास जगातील बहुतेक भाषांत आढळतो, आणि तो एकदा लक्षात आला की 'मृग लागला', 'श्रावण लागला', 'अमावस्या लागली', 'ग्रहण लागले' ही वाक्ये आपोआप उलगडतात. काळ चालत येतो आणि आपल्याला येऊन भिडतो.

प्रवासाच्या वाक्यांत तर याहून नवलाची गोष्ट दिसते. वाशीमहून अकोल्यास निघालेल्या माणसाला वाटेत आधी मालेगाव लागते, मग मेडशी लागते, मग पातूर लागते. चालणारा माणूस आहे, गावे आपल्या जागी स्थिर आहेत. तरीही भाषेच्या दृष्टीने गाव येऊन माणसाला लागते, माणूस गावाला लागत नाही. याचे कारण असे की या क्रियापदाच्या संसारात माणूस प्रायः चतुर्थीत उभा असतो आणि जगातील वस्तू त्याच्याकडे येत असतात. मले भूक लागली, मले तहान लागली, मले ऊन लागलं, मले त्याचं बोलणं लागलं; या प्रत्येक वाक्यात कर्तेपण भुकेकडे, उन्हाकडे किंवा बोलण्याकडे आहे, आणि 'मी' हा केवळ त्या स्पर्शाचे स्थान आहे. ज्ञानेश्वरीच्या काळच्या मराठीत 'लागी' हे शब्दयोगी अव्यय 'साठी', 'प्रति' या अर्थाने सर्रास येते, आणि आजचा 'ला' हा प्रत्यय त्याच 'लागी'चा झिजलेला अवशेष असावा असे मत काही भाषाशास्त्रज्ञांनी मांडले आहे. वऱ्हाडी 'ले' त्याचाच सहोदर. हे मत वादग्रस्त आहे, तथापि ते ग्राह्य धरल्यास 'मले भूक लागली' या तीन शब्दांच्या वाक्यात एकच धातू दोन ठिकाणी उभा आहे असे होईल.

या सर्व विस्तारात मला सर्वाधिक मोलाचा वाटतो तो एक भेद, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. प्रमाण मराठीत 'तो जाऊ लागला' आणि 'त्याला जावे लागले' अशी दोन वाक्ये आहेत. पहिल्यात आरंभ आहे, दुसऱ्यात सक्ती आहे. एकच क्रियापद आरंभ आणि सक्ती या दोन सर्वस्वी भिन्न कल्पनांचे वाहन कसे होते, याचे उत्तर व्याकरणाच्या शालेय पुस्तकात मिळत नाही. तेथे दोन्ही रूपे निरनिराळ्या प्रकरणांत सांगून विषय संपवलेला असतो. वऱ्हाडीत ही दोन वाक्ये 'तो जाले लागला' आणि 'त्याले जा लागलं' अशी होतात, आणि ती जवळजवळ ठेवताच उत्तर डोळ्यांपुढे उभे राहते. पहिल्या वाक्यात 'ले' हा प्रत्यय जाण्याला चिकटला आहे: माणूस उठून कामाला जाऊन भिडतो. दुसऱ्या वाक्यात तोच 'ले' माणसाला चिकटला आहे: काम येऊन माणसाला भिडते. माणूस क्रियेला लागला तर तो आरंभ, क्रिया माणसाला लागली तर ती सक्ती. एका प्रत्ययाने जागा बदलली आणि स्वेच्छेचे रूपांतर अपरिहार्यतेत झाले. प्रमाण भाषेत 'जाऊ' आणि 'जावे' या भिन्न रूपांमुळे हे नाते झाकले गेले आहे. जिला अशुद्ध म्हणून हिणवले जाते त्या बोलीने ते अव्यंग राखले आहे. वाशीम, रिसोड किंवा मानोरा येथील कोणत्याही वावरात 'मले जा लागन' असे म्हणणाऱ्या मजुराचे वाक्य दुरुस्त करण्यापूर्वी शिक्षकाने इतके तरी मनात आणावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

विभक्तीने होणारे हे कार्य कधी वचनानेही होते. 'डोया लागला' म्हणजे झोप आली. 'डोये लागले' म्हणजे प्रतीक्षा चालू आहे. मृग कोरडा गेला, पेरणी खोळंबली, आणि साऱ्या गावाचे डोये आभाळाकडे लागले असे म्हणतात तेव्हा त्या गावात कोणाचाही डोया लागलेला नसतो. एकवचनात निद्रा आणि अनेकवचनात जागरण, ही अर्थाची योजना कोणा वैयाकरणाने केलेली नाही. तसेच एसटीचे. 'अकोल्याची एसटी लागली' म्हणजे गाडी फलाटावर येऊन उभी राहिली, आणि 'तिले एसटी लागते' म्हणजे प्रवासात तिला मळमळते. पाण्याच्या बाबतीत तर अर्थांची रीघच लागते: विहीर खोदताना पानी लागते तेव्हा घरात आनंद होतो, परगावचे पानी लागते तेव्हा माणूस आजारी पडतो, आणि एकरी किती पानी लागते हा प्रश्न रब्बीचा हरभरा पेरताना प्रत्येकाच्या तोंडी असतो. सलग तीन-चार दिवस पावसाने उसंत घेतली नाही म्हणजे झड लागली म्हणतात. डवरणी राहून जाते, गुरे गोठ्यात उभी असतात, आणि चूल पेटवायला कोरडे इंधन मिळत नाही.

या क्रियापदाची जोडीदारीण म्हणजे 'लावणे'. दिवा लावला म्हणजे कोणीतरी लावला. दिवा लागला म्हणताना लावणारा हात दृष्टीआड होतो. भटजी लग्न लावतात, वधूवरांचे लग्न लागते. हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही, हे ज्याला पाहायचे असेल त्याने सोयाबीनच्या हंगामात वाशीमच्या किंवा कारंजाच्या बाजार समितीच्या आवारात थोडा वेळ उभे राहावे. या जिल्ह्यात एके काळी कापूस आणि ज्वारी यांचे जे स्थान होते ते गेल्या काही दशकांत सोयाबीनने घेतले. सोंगणी आटोपली की माल समितीत येतो, ढिगाभोवती हर्रास होतो, आणि व्यापारी भाव लावतो. शेतकरी मात्र बाहेर येऊन दुसऱ्या शेतकऱ्याला 'काय भाव लागला, भाऊ?' असे विचारतो. एकरी बियाणे किती लागले, खताला पैसे किती लागले, फवारणीला काय लागले, आणि शेवटी भाव काय लागला, या साऱ्या हिशेबात तो स्वतः कोठेही कर्ता नाही. ज्या क्रियापदाने तो मृगाविषयी आणि झडीविषयी बोलतो त्याच क्रियापदाने भावाविषयी बोलतो. त्याच्या अनुभवात पाऊस आणि बाजार एकाच दिशेने येतात. भाषेने येथे कोणावर टीका केलेली नाही, तिने वस्तुस्थिती जशीच्या तशी नोंदवली आहे, आणि ही नोंद कोणत्याही सरकारी अहवालाहून मला अधिक विश्वसनीय वाटते.

सरकारी दप्तराचा उल्लेख आलाच आहे तर या प्रदेशाच्या राजकीय इतिहासाविषयी दोन शब्द सांगणे उचित होईल. 'ऐन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांत बाशीमचे नाव आहे. पुढे निजामाची सत्ता, १८५३ साली इंग्रजांकडे झालेली वऱ्हाडाची सोपवणूक, १९०५ पर्यंत स्वतंत्र बाशीम जिल्हा, मग अकोल्यात विलीनीकरण, आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा सहा तालुक्यांचा वाशीम जिल्हा, असा हा क्रम आहे. राज्ये बदलली तसतशी दप्तरातील नामे फारसी झाली, मग इंग्रजी झाली, मग संस्कृतप्रचुर झाली. क्रियापद मात्र तेच राहिले. मुद्रांक लागतो, दाखला लागतो, दरखास्तीवर शिक्का लागतो, मुकदम्याचा निकाल लागतो, नवा कायदा लागू होतो, आणि सातबाऱ्यावर पोटखराब वगळून उरलेले क्षेत्र लागवडीखालील म्हणून नोंदले जाते. 'लागू' आणि 'लागवड' हे दोन शब्द महसुली व्यवहारात इतके मुरले आहेत की ते भूक आणि तहान यांच्याच कुळातील आहेत याचा पटवाऱ्यालाही विसर पडतो.

मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे प्रसिद्ध जैन तीर्थ आहे. तेथील मूर्ती भूमीपासून अलग आहे, तिचा खालच्या जमिनीला स्पर्श नाही, ही भाविकांची श्रद्धा तिच्या नावातच आली आहे; इकडचे लोक साध्या भाषेत 'मूर्ती जमिनीले लागत नाही' असे सांगतात. ज्याला काही लागत नाही, ज्याला कशाचा संग नाही, ते पूज्य, ही कल्पना जैन तत्त्वज्ञानाच्या अगदी गाभ्याची आहे, कारण त्या दर्शनानुसार कर्माचे पुद्गल जीवाला येऊन चिकटणे हाच बंध आणि ते सुटणे हाच मोक्ष. तीर्थाच्या हक्कासंबंधी दोन पंथांत दीर्घकाळ वाद चालला, तो १९२९ साली प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन पोहोचला, आणि स्वातंत्र्योत्तर काळात पुन्हा उद्भवून मंदिरास कित्येक वर्षे कुलूप लागले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ते उघडले. हे प्रकरण येथे सांगण्याचा हेतू इतकाच की 'न लागणे' यालाही स्वतःचा अर्थ आहे, आणि कोशकारांचे तिकडे लक्ष गेलेले नाही.

कोशकारांविषयी माझ्या मनात अत्यंत आदर आहे. मोल्सवर्थने १८३१ साली आणि सुधारून १८५७ साली जो मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला त्यात, आणि दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'त, या क्रियापदाच्या अर्थच्छटांची जी नोंद आहे ती पाहून कोणीही विनम्र व्हावे. दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'सारखा ग्रंथ आपल्या भाषेत आहे ही आपल्या भाग्याची गोष्ट. परंतु कोशाची पद्धत अर्थांना क्रमांक देण्याची असते, आणि क्रमांक पडला की प्रत्येक अर्थ स्वतंत्र होऊन शेजाऱ्याला पारखा होतो. विद्यार्थ्याला 'टेक ऑफ'ची यादी पाठ करायला लावणारी पद्धत आणि 'लागणे'चे अर्थ क्रमांकाने मोजणारी पद्धत एकच आहे. म्हणून पुढील पानांत मी अर्थांची वर्गवारी न करता स्पर्शाच्या दिशेची केली आहे: प्रथम वस्तू वस्तूला लागते ती वाक्ये, नंतर वस्तू माणसाला लागते ती, नंतर माणूस वस्तूला किंवा कामाला लागतो ती, आणि अखेरीस माणूस माणसाला लागतो ती. प्रत्येक वाक्य बोलीतील उच्चारानुसार दिले आहे. डोळ्याचा डोया होतो, पाण्याचे पानी होते, विस्तवाचा इस्तो होतो, आणि ही रूपे बदलण्याचा अधिकार मला आहे असे मी मानत नाही.

पोहरादेवीच्या परिसरातील बंजारा तांड्यांवर बोलल्या जाणाऱ्या गोरमाटी भाषेतही याच धातूपासून आलेले क्रियापद नांदते. तिचे नाते राजस्थानीशी असल्यामुळे तेथील प्रयोग कोठे मराठीशी जुळतात आणि कोठे फुटून निघतात हा एका स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, आणि तो त्या समाजातील अभ्यासकानेच हाती घ्यावा. इंग्रजीच्या शिक्षकांना मात्र येथे एक विनंती करतो. 'सेट इन' शिकवताना आधी मुलांकडून हिवाळा, झड, सुतक आणि ग्रहण यांची वाक्ये वदवून घ्यावीत, आणि मग त्यांनाच विचारावे की या सर्वांत समान काय आहे. उत्तर मुले देतात. ते मिळाल्यावर 'इन' या अव्ययाचे काम त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शेवटचे प्रकरण नात्यांचे आहे, आणि त्यातील प्रश्न अद्याप सुटलेला नाही. 'तो माहा मामा लागते', 'ते आमचे चुलते लागतात' अशी वाक्ये प्रत्येक गावात ऐकू येतात; चुलत, मावस, आते अशी सारी नाती लागतात. पण 'ती माही माय लागते' असे कोणी म्हणत नाही. सख्खा भाऊ आणि पोटचे लेकरू यांच्याविषयीही हे क्रियापद येत नाही. तेथे 'आहे' एवढेच. जेथे दोन घरे एकमेकांस येऊन भिडतात तेथेच नाते लागते, असा नियम बसवून पाहिला तर बहुतेक वाक्ये त्यात बसतात. सासूच्या आणि जावयाच्या बाबतीत मात्र 'लागते' आणि 'आहे' अशी दोन्ही रूपे कानावर येतात, कधी कधी एकाच बाईच्या तोंडून. कोणते केव्हा येते याचा उलगडा पुढच्या अभ्यासकास व्हावा म्हणून ती सर्व वाक्ये, बोलणाऱ्याचे वय आणि सासरी येऊन झालेली वर्षे यांच्या नोंदीसह, जशी ऐकली तशीच छापली आहेत.